वर्षात तीन हजार किलोमीटर, तरी ऑइल बदलायचे?

प्रश्न : आमची पेट्रोलवरची छोटी गाडी सहा वर्षांची आहे. आम्ही दोघेही निवृत्त, त्यामुळे गाडी साताऱ्यातल्या साताऱ्यातच फिरते. मंडई, बँक, दवाखाना आणि अधूनमधून नातीला शाळेतून आणणे, एवढेच. वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर होतात. तरी दरवर्षी सर्व्हिसिंगच्या बिलात इंजिन ऑइल आणि फिल्टर असतातच. भाचा म्हणतो, कंपनीने दहा हजार किलोमीटर सांगितलेत, म्हणजे तुम्हाला तीन वर्षे बघायला नको. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, पाच हजारांना बदलायचेच. आमच्या ह्यांचे म्हणणे, ऑइल काळे पडेल तेव्हा बदलावे. खरे कोणाचे मानायचे? फिल्टर दर वेळी हवाच का? आणि काढलेले जळके ऑइल घरी आणून कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवीसाठी लावले तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : आपल्या घरात तीन मते आहेत आणि गंमत अशी की, तिन्हींच्या मागे काही ना काही कारण आहे. आधी निकाल सांगतो, मग कारणे बघू. आपल्या गाडीचे ऑइल वर्षातून एकदा बदलले जाते ते बरोबरच आहे आणि त्याच वेळी फिल्टर बदलणेही बरोबर आहे. या बाबतीत गॅरेजने आपल्याला फसवलेले नाही.

भाच्याने दहा हजारांचा आकडा बरोबर वाचला, पण वाक्य अर्धेच वाचले. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढून बघा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल ते, असे लिहिलेले असते. काही गाड्यांना १५,००० किलोमीटर सांगितलेले असतात, पण वर्षाची अट तिथेही असतेच. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे किलोमीटर आधी भरतात, आपले वर्ष आधी भरते. 

आता आपण म्हणाल, गाडी उभी असताना ऑइल झिजत तर नाही, मग वर्षाची अट कशाला? ही शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर समजले की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

इंजिन ऑइलचे काम फक्त वंगणाचे नाही. ते पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता वाहून नेते, रिंग आणि सिलिंडरमधली फट भरून दाब टिकवते, काजळी स्वतःत सामावून घेते आणि ज्वलनातून तयार होणारी आम्ले मारते. ही सगळी कामे नुसत्या तेलाने होत नाहीत. त्यासाठी त्यात वेगवेगळी रसायने मिसळलेली असतात. मळ सोडवणारी, काजळीचे कण सुटे ठेवणारी, झीज रोखणारी, ऑक्सिजनपासून तेलाचा बचाव करणारी. आपण ऑइल बदलतो ते मुख्यतः ही रसायने संपत आली म्हणून आणि नको त्या गोष्टी ऑइलमध्ये साठल्या म्हणून. 

नको त्या गोष्टींत पहिला क्रमांक पाण्याचा. पेट्रोल जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या टोकातून पाणी ठिबकताना दिसते आणि लोक घाबरून गॅरेज गाठतात, ते हेच पाणी. त्यात बिघाड काही नसतो. यातली बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडे वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली, जिथे ऑइल असते त्या चेंबरकडे उतरतात. त्यांच्याबरोबर वाफ जाते आणि न जळलेले थोडे पेट्रोलही जाते. इंजिन थंड असताना मिश्रणात पेट्रोल जास्त सोडले जाते, त्यामुळे असे उतरणारे पेट्रोलही तेव्हाच जास्त असते.

इंजिन बनवणाऱ्यांनी याची सोय केलेली आहे. चेंबरमधले वायू एका झडपेतून ओढून पुन्हा इंजिनात जाळायला पाठवले जातात. ऑइल चांगले तापले, म्हणजे नव्वद-शंभर अंशांच्या आसपास आले, की त्यात मिसळलेले पाणी आणि पेट्रोल उडते आणि याच वाटेने निघून जाते. लांबच्या प्रवासात ऑइल असे आपले आपण साफ होत राहते.

पण राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत गाडी गेली आणि बंद झाली, तर ऑइल कोमटच राहते. इथे एक गैरसमज हमखास होतो. तापमानाचा काटा मधोमध आला की इंजिन तापले असे आपण धरतो. तो काटा रेडिएटरच्या पाण्याचा असतो. पाणी लवकर तापते, ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी नीट चालल्याशिवाय ऑइल पुरते तापत नाही. आपल्या फेऱ्या त्याआधीच संपतात. मग पाणी आत राहते, पेट्रोल आत राहते, दोन्ही मिळून ऑइल पातळ आणि आम्लधर्मी करत जातात. आम्ल मारणारी रसायने गाडी गॅरेजात उभी असतानाही खर्ची पडत असतात. ऑइल भरायच्या टोपणाच्या आतल्या बाजूला कधी साईसारखा पिवळसर थर दिसला, तर तो या पाण्याचा. 

म्हणून उलटे वाटले तरी खरे असे आहे की, वर्षाला तीन हजार किलोमीटर दोन-दोन किलोमीटरच्या तुकड्यांत चाललेली गाडी ऑइलला जास्त छळते आणि मुंबई-पुणे महामार्गावर तेवढेच अंतर कापलेली गाडी कमी छळते. म्हातारी माणसे जपून वापरतात म्हणून गाडी सुस्थितीत असते, हा समज टायर आणि ब्रेकच्या बाबतीत खरा आहे. ऑइलच्या बाबतीत तो तसाच्या तसा लागू होत नाही.

मोठ्या शहरांत आणखी एक भर पडते. मीटर किलोमीटर मोजतो, तास मोजत नाही. ताशी सरासरी ७० किलोमीटरने चालणारी गाडी १०,००० किलोमीटर सुमारे १४३ तासांत पुरे करते. पुण्या-मुंबईच्या गर्दीत सरासरी ताशी २० वर आली, तर त्याच दहा हजारांना इंजिन ५०० तास चाललेले असते. सिग्नलला एसी लावून उभ्या गाडीचे ऑइल काम करतच असते, मीटर मात्र हललेला नसतो. म्हणूनच पुस्तिकेच्या मागच्या पानांत ‘खडतर वापर’ अशा नावाचा एक तक्ता असतो आणि त्यात मुदत बऱ्याचदा निम्म्यावर आणलेली असते. वारंवार छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, सततची गर्दी, घाट, ओझे ओढणे या गोष्टी त्यात येतात. तो तक्ता वाचणारे फार थोडे. माझा आग्रह आहे की, सगळ्यांनी तो एकदा वाचावा, कारण आपल्याकडचा बराचसा वापर त्या तक्त्यातच मोडतो.

मग आपण दर सहा महिन्यांनी बदलावे का? काही पुस्तिका तसे सांगतात आणि तिथे तसेच करावे. पुस्तिकेत तसे नसेल, तर वर्षातून एकदा बदलणे आणि जोडीला एक साधी सवय, एवढे आपल्याला पुरेसे आहे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा गाडी महामार्गावर काढा आणि अर्धा-पाऊण तास सलग चालवा. वाईला गणपतीला जाऊन या. ऑइल तापते, पाणी उडते आणि बॅटरीही चार्ज होते. घरासमोर उभी ठेवून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे, तिचा मात्र ऑइलला उपयोग नाही. उभ्या गाडीचे ऑइल तेवढ्या वेळात तापत नाही. उलट थंड इंजिनाचे पाणी आणि पेट्रोल तेवढे आत जाते.

आता आपल्या मेकॅनिकच्या पाच हजारांकडे येऊ. त्यांच्या बोलण्याला हसू नये. ज्या काळात ते हे काम शिकले, त्या काळात ते अचूक होते. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसेडर आणि सुरुवातीच्या मारुती ८०० यांना कार्ब्युरेटर असे. सकाळी चोक ओढला की इंजिनात पेट्रोल भरमसाट जाई आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन चेंबरात उतरे. ऑइलही साधे खनिज तेलाचे असे, उष्णतेत लवकर खराब होणारे. 

आणि सर्वांत मोठी गोष्ट गंधकाची. इंधनातले गंधक जळून, पाण्याशी मिळून गंधकाम्ल तयार होते आणि ते मारता मारता ऑइलमधला अल्क संपतो. बीएस-२ मानकाच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भागांपर्यंत गंधक चालत असे. बीएस-३ मध्ये ते ३५० वर आले, बीएस-४ मध्ये ५० वर. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि मर्यादा १० वर उतरली. पेट्रोलची वाटचालही अशीच झाली. म्हणजे ऑइल सुधारले, इंजिन सुधारले आणि इंधनही स्वच्छ झाले. या तिन्हींमुळे पाच हजारांचे दहा हजार होऊ शकले. युरोपात तर खास प्रकारच्या ऑइलवर ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षे अशी मुदत असलेल्या गाड्या आहेत. तो आकडा ऐकून कोणी आपल्या गाडीला लावू नये. तिथले इंजिन, ऑइलचे प्रमाण आणि प्रमाणित ऑइल हे सगळे त्या मुदतीच्या हिशेबाने ठरवलेले असते आणि धूळही आपल्या मानाने कमी.

तेव्हा मेकॅनिकचा सल्ला टॅक्सीसारख्या दिवसभर गर्दीत अडकणाऱ्या किंवा धुळीत फिरणाऱ्या गाडीला आजही योग्य ठरेल. महामार्गावर रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला तो नाहक खर्च आहे.

आपल्या ह्यांचा काळ्या रंगाचा मुद्दा सगळ्यांत जास्त पसरलेला आहे. ऑइल काळे पडले म्हणजे खराब झाले, असे नाही. काजळीचे बारीक कण इंजिनाच्या भिंतीवर बसू न देता स्वतःत तरंगत ठेवणे हेच चांगल्या ऑइलचे काम आहे. ते काम करणारे ऑइल काळे होणारच. डिझेल गाडीत तर नवे ऑइल काहीशे किलोमीटरांतच काळेभोर होते आणि पुढे हजारो किलोमीटर व्यवस्थित चालते. याच्या उलटही खरे आहे. आपल्यासारख्या कमी चाललेल्या पेट्रोल गाडीत ऑइल सोनेरी दिसेल, पण त्यात पेट्रोल मिसळलेले असेल आणि आम्ल मारण्याची ताकद संपत आलेली असेल. ते डोळ्यांना दिसत नाही. दोन बोटांत चोळून चिकटपणा पाहण्याची रीतही तशीच. प्रयोगशाळेशिवाय ऑइलचे उरलेले आयुष्य कळत नाही, म्हणून तर किलोमीटर आणि महिने मोजायचे.

रंग नव्हे, पण डिपस्टिकवरून दुसरे काही नक्की कळते. महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी ती पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला आणि मग बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. खाली गेली असेल, तर त्याच दर्जाचे ऑइल थोडे भरावे. वर चढलेली दिसली, तर खूश होऊ नये. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात पेट्रोल किंवा पाणी मिसळलेले असते. पट्टीला पेट्रोलचा वास आला तर ऑइल मुदतीआधी बदला. पट्टीवरचेच ऑइल दुधी झाले असेल किंवा रेडिएटरच्या डब्यात तेलकट तवंग असेल, तर गाडी चालवू नका. तिथे हेड गॅस्केट गेल्याची शक्यता असते. बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणाऱ्या जाळीतली काजळी जाळून ती साफ करताना थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या डिझेल गाडीत पातळी वाढण्याचे ते नेहमीचे कारण आहे आणि अशा गाड्यांना कमी राखेचे, पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल लागते.

एक ताकीद मात्र मनापासून देतो. डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा ऑइल बदलायची आठवण करून देण्यासाठी नसतो. तो दाब पडल्याचा इशारा आहे. चालत्या गाडीत तो लागला, तर सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करा. ‘गॅरेज दोन किलोमीटरवर आहे, तेवढे जाऊ’ या विचारापायी कित्येकांची इंजिने जाम झाली आहेत.

फिल्टरबद्दल. ऑइल पंपातून निघाले की पुढे जाण्याआधी फिल्टरमधून गाळले जाते आणि धातूचा चुरा, काजळीच्या गुठळ्या तिथे अडकतात. फिल्टर तुंबला तर ऑइल थांबून इंजिन कोरडे पडू नये म्हणून त्यात एक पर्यायी झडप असते. ती उघडली की ऑइल न गाळताच इंजिनात जाते. म्हणजे जुना फिल्टर गाडी बंद पाडत नाही, मुकाट्याने मळ आत सोडतो आणि म्हणूनच लोकांना त्याची गरज वाटत नाही. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये पाव लिटरच्या आसपास जुने ऑइल साठून राहते. छोट्या गाडीत सगळे मिळून ऑइल सुमारे तीन लिटर, त्यात ते मिसळणार. फिल्टर तसाच ठेवून नवे ऑइल भरणे म्हणजे गाळणीतला कालचा चोथा न काढता ताजा चहा गाळण्यासारखे आहे. एक आड एक वेळी फिल्टर बदलण्याची पद्धत होती आणि काही जपानी कंपन्यांच्या पुस्तिकांत ती असेही, पण तिथे ऑइल लवकर लवकर बदलले जाई. वर्षभराच्या मुदतीला ती लावू नये. छोट्या पेट्रोल गाडीचा फिल्टर साधारण शंभर-दोनशे रुपयांचा, त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

कोणते ऑइल, हे आपण विचारलेले नाही, पण बिल बघताना उपयोगी पडेल. डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असे लिहिलेले असते. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा तापल्यावर ते किती दाट राहते ते. गाडी जुनी झाली, आता दाट ऑइल घालू, असा सल्ला मिळाला तर नम्रपणे नाही म्हणा. आजच्या इंजिनांतल्या वाटा अरुंद असतात आणि दाट ऑइल सुरू होताना तिथे पोचायला वेळ लावते. पुस्तिकेतला आकडाच घ्या. सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसते हे खरे, टर्बो इंजिनाला तर ते हवेच. पण आपल्या गाडीतला शत्रू पाणी आहे आणि ते सिंथेटिकमध्येही तितकेच मिसळते. म्हणून सिंथेटिक घातले तरी वर्षाची अट सुटत नाही. बिलात ‘इंजिन फ्लशिंग’ नावाचा वेगळा खर्च दिसला, तर दरवर्षी वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीला तो लागत नाही, असे स्पष्ट सांगावे. बाहेरच्या गॅरेजात काम करवून घेत असाल, तर सीलबंद डबा समोर उघडायला सांगा आणि रिकामा डबा भोक पाडून टाका, कारण असे डबे पुन्हा भरून विकले जातात.

राहिला कुंपणाच्या खांबांचा प्रश्न. गावोगावी जळके ऑइल लाकडाला फासतात आणि काही काळ वाळवी दूर राहतेही. तरीही माझे उत्तर नाही असेच आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूंचे अंश आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारे हायड्रोकार्बन असतात. कातडीला वारंवार लागणे वाईट आणि खांबावरून पावसाने धुऊन ते बागेच्या मातीत, तिथून विहिरीत जाते. आपल्या अंगणात नातही खेळत असेल. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑइल मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकलेली आहे. नीट शुद्ध केले तर त्यातून पुन्हा चांगले वंगण तेल तयार होते. वाळवीसाठी बाजारात लाकडाची वेगळी औषधे मिळतात, ती वापरा. ऑइल मात्र गॅरेजातच राहू द्या आणि ते गटारात न ओतता अधिकृत गोळा करणाऱ्याकडे देतात का, एवढे त्यांना जरूर विचारा.